चवीपुरते म्हणजे किती?

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला ‘अंदाजे’ या शब्दाचे वावडे असते. संध्याकाळी रोकड जुळवताना दहा रुपयांचा फरक आला, तर ते दहा रुपये सापडेपर्यंत कोणी घरी जायचे नाही, या शिस्तीत आमची पिढी नोकरीला लागली. पुढे संगणक आले, खतावण्या गेल्या. पण आकड्याशिवाय बोलायचे नाही ही सवय काही गेली नाही. कादंबरी लिहितानासुद्धा मी रोजचे शब्द मोजून वहीत मांडतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अशा माणसाने 2023 च्या दिवाळीआधी एका संध्याकाळी ओट्याशी उभे राहून विचारले, ‘‘मीठ किती घालू?’’

‘‘चवीपुरतं.’’

‘‘चवीपुरतं म्हणजे किती?’’

‘‘अहो, चवीपुरतं म्हणजे चवीपुरतं!’’

उत्तर देणारी माझी पत्नी स्टुलावर बसली होती आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. न्हाणीघरात पाय घसरून मनगट मोडले होते. डॉक्टरांनी सहा आठवडे सांगितले होते. मुलगा बंगळुरूला. पहिले बारा दिवस आम्ही डबा आणला. तेराव्या दिवशी ती म्हणाली, ‘‘निदान आमटी-भात तरी घरचा खाऊ या.’’ त्या दिवशीची आमटी खारट झाली, डाळ बोटाने दाबली तरी दबेना आणि लग्नाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी आम्ही दोघे मिठावरून भांडलो. मला चहाखेरीज काही करता येत नव्हते. याची लाज मला तोवर कधी वाटली नव्हती, हीच खरे तर लाजेची गोष्ट.

त्याच सुमारास माझा एक जुना सहकारी डोंबिवलीतले स्वतःचे घर बंद करून मुलीकडे राहायला गेला. त्याची पत्नी वर्षभरापूर्वी गेली होती. तब्येत चांगली, पेन्शन चालू, मित्रमंडळी आसपास. त्याला जायचे नव्हते. पण डब्याच्या जेवणाने पोट बिघडायचे आणि स्वतः करायला जावे तर काही जमत नसे. एकदा त्याने मला घरी नेऊन फळीवरचे डबे दाखवले. एकावरही चिठ्ठी नव्हती. जिने ते भरले तिला चिठ्ठ्यांची गरजच नव्हती. तूर समजून त्याने दोनदा हरभऱ्याची डाळ कुकरला लावली होती. संध्याकाळी दूध आणि बिस्किटे यांवर भागवू लागला तेव्हा मुलीने ऐकले नाही. दोन डाळींतला फरक कळत नाही म्हणून माणसाला आपले घर सोडावे लागते, हे मी डोळ्यांनी पाहिले. उतारवयातल्या प्रत्येक जोडप्याच्या मनात एक प्रश्न असतो आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही. मी तो मनातल्या मनात विचारला आणि जानेवारी 2024 मध्ये आमच्याच भागातल्या एका स्वयंपाकाच्या वर्गात नाव घातले. आठ शनिवार, सकाळी दहा ते एक.

घरच्या गुरूकडे का नाही?

‘‘घरात एवढी सुगरण असताना तुम्ही पैसे भरून शिकायला जाणार?’’ असे मला अनेकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे आणि उत्तरही सोपे आहे. ज्या माणसाच्या हाताला एखादी गोष्ट चाळीस वर्षे येते, त्याला ती तोंडाने सांगता येतेच असे नाही. तिच्या दृष्टीने ‘चवीपुरतं’ हे पूर्ण उत्तर होते. दुसरे कारण माझे स्वतःचे. बायकोसमोर अडाणी दिसायची माझी तयारी नव्हती. दहा अनोळखी माणसांत मात्र सगळेच अडाणी असतात आणि तिथे ‘मंद आच कशाला म्हणायचं?’ हे विचारताना जीभ अडखळत नाही.

आमच्या वर्गात जर्मनीला शिकायला निघालेल्या दोन मुली होत्या. एप्रिलमध्ये लग्न ठरलेला एक तरुण होता, त्याला होणाऱ्या पत्नीने पाठवले होते. साठी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांची कथा मला विलक्षण वाटली. तीस वर्षे सासूबाईंच्या स्वयंपाकघरात त्यांनी चिरले, निवडले, वाटले. पण फोडणी कधी स्वतः घातली नाही, कारण गॅसपाशी सासूबाई असत. म्हणजे स्वयंपाक न येणे हे फक्त पुरुषांचे दुखणे नव्हे, एवढे मला पहिल्याच दिवशी कळले.

मी हिशेबाची जाड बांधणीची वही घेऊन गेलो होतो. जिन्नस, प्रमाण, वेळ, शेरा असे चार रकानेही आखले होते. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘वही पिशवीत ठेवा काका. आज लिहायचं काहीच नाही.’’ त्या तीन तासांत त्यांनी एकही पदार्थ शिकवला नाही. प्रत्येकाला पळीभर तेल तापवायला लावले आणि त्यात मोहरीचा एकच दाणा टाकायला सांगितले. दाणा तळाशी गपचूप पडून राहिला तर तेल थंड. लगेच तडतडून उडाला तर तेल झाले. टाकताक्षणी काळा पडला किंवा तेलातून धूर निघाला तर गॅस बंद करा आणि थांबा. मग जिरे. हिंग आणि हळद शेवटी, कारण त्या पुडी क्षणात करपतात. दहा जणांनी मिळून त्या दिवशी बऱ्याच फोडण्या जाळल्या, त्यांपैकी तीन माझ्या. घरी आलो तेव्हा शर्टाला जळक्या हिंगाचा वास येत होता.

मला माझे बँकेतले पहिले वर्ष आठवले. प्रशिक्षणात आम्हाला नोटा तपासण्याचे नियम शिकवले होते. पण शाखेतला हेडकॅशियर नोटांची शंभराची गड्डी अंगठ्याखालून सोडता सोडता मधेच थांबे आणि एक नोट बाजूला काढे. ‘‘कशावरून?’’ असे विचारले तर म्हणे, ‘‘हाताला लागली.’’ मला वाटे, हा भाव खातो. वर्षभर रोज गड्ड्या मोजल्यावर एक दिवस माझ्याही हाताला एक नोट ‘लागली’. बाईंच्या ओट्यापाशी उभे असताना ध्यानात आले, की पत्नीचे ‘चवीपुरतं’ आणि हेडकॅशियरचे ‘हाताला लागली’ हे एकाच जातीचे ज्ञान आहे. हिशेब तिथेही असतो. तो बोटांत मुरलेला असतो, म्हणून तोंडाने सांगता येत नाही.

वर्गात काय मिळते, काय मिळत नाही

आज हे लिहिण्याचे कारण असे, की स्वयंपाकाच्या वर्गांना तोटा नाही आणि तिथून निराश होऊन येणाऱ्यांनाही तोटा नाही. पैसे भरतात, छापील कागद घेऊन येतात, कागद फ्रिजवर चिकटवतात आणि महिन्याभरात विसरतात. कृती हवी असेल तर वर्गाला जायची गरजच नाही. फोनवर हव्या त्या पदार्थाच्या शंभर कृती फुकट मिळतात. पण फोनला तुमची कढई दिसत नाही. तुमचा कांदा गुलाबी झाला आहे की करपायला आला आहे, हे त्याला कळत नाही. वर्गाची फी असते ती आपली चूक होत असताना कोणीतरी शेजारी उभे असावे याची. ज्याने वर्गात एकही चूक केली नाही, त्याचे पैसे वाया गेले असे मी म्हणेन.

म्हणून नाव घालण्यापूर्वी चौकशी करावी. शेगड्या किती आणि शिकणारे किती? आपला हात पदार्थाला लागणार आहे, की पुढे उभे राहून नुसते पाहायचे आहे? तीन तासांत बारा पदार्थ ‘दाखवणारे’ वर्ग असतात. तो कार्यक्रम असतो, करमणूक म्हणून चांगला. आमच्याकडे दहा जणांत तीन शेगड्या होत्या आणि एका शनिवारी दोनपेक्षा जास्त पदार्थ नसत. दुसरे म्हणजे, जे आपण रोज खातो ते आधी शिकावे. केक, पनीरचे प्रकार, चिनी नूडल्स यांना माझा विरोध नाही. पण मंगळवारी रात्री आठ वाजता भूक लागते तेव्हा उपयोगी पडते ते पिठले.

या बाबतीत एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकन घरांत फ्रेंच स्वयंपाक पोचवणारी ज्युलिया चाइल्ड 1949 साली, वयाच्या 37 व्या वर्षी, पॅरिसच्या ‘ल कोर्दों ब्लू’ या प्रसिद्ध पाकशाळेत शिकायला गेली. 1951 मध्ये परीक्षेला बसली आणि पहिल्या खेपेला चक्क नापास झाली. तिने तयारी केली होती मोठमोठ्या अवघड पदार्थांची. विचारले गेले ते शाळेच्या लहानशा पुस्तिकेतले साधे पदार्थ. मऊ उकडलेले अंडे, कॅरॅमलचे कस्टर्ड असले. पुन्हा बसून ती उत्तीर्ण झाली आणि दहा वर्षांनी, 1961 साली, तिचे पुस्तक आले. आपल्याकडे साध्या पोह्यांत भल्याभल्यांची अशीच विकेट पडते.

आता वर्गात गेल्यावर काय करावे? ‘किती?’ असे विचारण्याऐवजी ‘कशावरून?’ असे विचारावे. उपम्याचा रवा किती मिनिटे भाजायचा, याचे उत्तर आच, कढई आणि रव्याचा जाडसरपणा यांवर ठरते. कशावरून भाजला समजायचा, याचे उत्तर मात्र पक्के आहे. खमंग वास सुटतो आणि उलथन्याखाली रवा जड न लागता वाळूसारखा सरकू लागतो. पोहे भिजले कशावरून? दाणा दोन बोटांत दाबला तर सहज मोडतो, पण लगदा होत नाही. भाकरीवर पाणी फिरवल्यावर ती उलटायची कधी? वरचे पाणी सुकत आले, पण पूर्ण सुकलेले नाही, तेव्हा. पूर्ण सुकले तर भेगा पडतात. अशी खूण एकदा कळली, की गॅस बदलला, गाव बदलले, तरी अडत नाही.

दुसरा प्रश्न ‘का?’ असा. मी तिसऱ्या शनिवारी धीर करून माझ्या दिवाळीतल्या आमटीची कथा सांगितली. बाईंनी एकच विचारले, ‘‘आमसुलं कधी घातलीत?’’ मी ती डाळीबरोबर कुकरमध्येच टाकली होती, चव चांगली मुरावी म्हणून. त्या म्हणाल्या, ‘‘आंबट पडलं की डाळ शिजायची थांबते. आधी डाळ मऊ होऊ द्या, मग चिंच, आमसूल, टोमॅटो काय हवं ते घाला.’’ दोन महिने मी कुकरला दोष देत होतो! ज्वारीच्या पिठाला उकळते पाणी का, तर गव्हासारखा चिकटपणा त्यात नसतो आणि गरम पाण्याने पीठ बांधले जाते. भेंडी धुऊन आधी कोरडी का करायची, तर चिरल्यावर पाणी लागले की ती चिकट होते. कारण कळले, की तो नियम पाठ करावा लागत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कंटाळवाणी. जे सकाळी शिकलो ते त्याच संध्याकाळी घरी करायचे, आणि पुढच्या शनिवारच्या आत निदान आणखी दोनदा करायचे. वर्गातली शेगडी मोठी, कढई जाड, शेजारी बाई. घरी यातले काही नसते. घरची शेगडी, घरचा तवा, घरचा कुकर यांची ओळख घरीच होते. माझी पहिल्या आठवड्यातली पोळी वर्गात फुगली आणि घरी पापड झाली. कारण काय, तर मी कणीक मळून झाकून अर्धा तास मुरू न देता लगेच लाटायला बसलो होतो आणि तवा पुरेसा तापला नव्हता. हे मला पुढच्या शनिवारी कळले, कारण मी तो पापड डब्यात घालून बाईंना दाखवायला नेला. सगळे हसले. पण त्या दिवशी दहाही जणांना कणकेचे मर्म समजले. आपले बिघडलेले पदार्थ घेऊन वर्गाला जाणे, याहून चांगली गुरुदक्षिणा नाही.

आणि हो, शेवटची पंधरा मिनिटे पळून जाऊ नये. ओटा पुसणे, भांडी विसळणे, उरलेले झाकून ठेवणे हाही स्वयंपाकच. ज्याने पदार्थ केला आणि पसारा दुसऱ्यासाठी ठेवला, त्याने अर्धेच काम केले.

समासातली अक्षरे

चौथ्या शनिवारनंतर बाईंनी वही काढायची परवानगी दिली. म्हणाल्या, ‘‘आता लिहा. पण कृती लिहू नका, काय चुकलं ते लिहा.’’ घरी येऊन मी हे पत्नीला कौतुकाने सांगितले. ती काही बोलली नाही. कपाटातून तिची ‘रुचिरा’ काढून तिने माझ्यापुढे ठेवली.

कमलाबाई ओगले यांचे हे पुस्तक 1970 साली निघाले आणि मराठी घरांत पिढ्यान् पिढ्या पोचले. वाटी आणि चमचा ही त्यांची मापे. तराजू नसलेल्या घरातल्या नवख्या सुनेलाही त्या मापांनी धीर दिला. आमच्या घरची प्रत पत्नीला तिच्या आईने लग्नात दिलेली. हळदीचे डाग, सुटलेली पाने, दोऱ्याने पुन्हा शिवलेली बांधणी. चाळीस वर्षे ते पुस्तक मी घरात पाहत होतो. उघडले मात्र पहिल्यांदाच. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत शेरे होते. ‘मीठ कमी करणे.’ ‘तेल एवढे लागत नाही.’ ‘मुलाला आवडले नाही.’ आणि मधून मधून गावांची नावे. ‘नांदेड – इथल्या पाण्यात डाळ शिजत नाही, रात्री भिजत घालणे.’ ‘रत्नागिरी – पापड मऊ पडतात.’ ‘नागपूर – पीठ लवकर सुकते, पाणी जास्त.’

ही सगळी माझ्या बदल्यांची गावे. नव्या शाखेत मी रुजू झालो, की बँक मला जुन्या माणसाकडून आठ दिवस काम समजावून देई. ती मात्र प्रत्येक गावात नवे पाणी, नवी हवा, नवे पीठ यांच्याशी एकटीच झुंजत होती आणि संध्याकाळी माझ्यापुढे तीच चव वाढत होती. मला वाटायचे, तिला ‘येतं’. ती दरवेळी नव्याने शिकत होती, चुकत होती आणि चुकांची नोंद ठेवत होती, हे मला 65 व्या वर्षी कळले. तेही वर्गाला गेलो म्हणून कळले. नाहीतर त्या शेऱ्यांचा अर्थच मला लागला नसता.

केंद्र सरकारने 2019 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली होती. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी शंभरात 81 जणी घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करतात आणि त्यांचे दिवसाला सरासरी 299 मिनिटे त्यात जातात, असे त्यात आढळले. पुरुषांत असे काम करणारे शंभरात 26, आणि जे करतात त्यांची 97 मिनिटे. मी आकड्यांचा माणूस. हे आकडे पूर्वी वाचले असते तर ‘अभ्यासपूर्ण’ असा शेरा मारून पान उलटले असते. आता त्या 299 मिनिटांत मला मोहरीचा दाणा दिसतो, नांदेडचे पाणी दिसते.

वर्ग संपला. पत्नीच्या हातातली पकड पूर्वीसारखी आली नाही. भरलेला कुकर उचलताना तिचा हात आजही थरथरतो. दिवसाआड सकाळचा स्वयंपाक माझ्याकडे असतो. तिला ते बघत बसणे जड जाते, म्हणून ती वर्तमानपत्र घेऊन बाहेरच्या खोलीत बसते आणि तिथूनच ‘फोडणी लागतेय!’ म्हणून ओरडते. बहुतेक वेळा तिचे बरोबर असते. माझ्या पोळ्या अजून गोल नाहीत. आमटी मात्र शिजते.

घरोघरच्या बापांना, काकांना आणि निवृत्तीला आलेल्या मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे. भविष्यनिर्वाह निधी, मेडिक्लेम, इच्छापत्र यांची तजवीज आपण वेळेवर करतो. त्या यादीत आमटी-भात, पिठले आणि पोहे एवढे तीन पदार्थ घालावेत. आणि ते संकट येण्यापूर्वी शिकावेत, शिकवणारी समोर असताना. मुलगे असतील तर त्यांना त्याहून बरेच आधी.

माझा तो सहकारी गेल्या महिन्यात दोन दिवस आमच्याकडे राहायला आला होता. जेवणानंतर मी त्याच्यापुढे दोन वाट्या ठेवल्या. एकीत तुरीची डाळ, दुसरीत हरभऱ्याची. म्हटले, हातात घेऊन बघ. हरभऱ्याची जाड आणि खडबडीत, तुरीची चपटी आणि गुळगुळीत. तो बराच वेळ दाणे तळहातावर फिरवत राहिला. डोळे मिटूनही त्याने ओळखून दाखवले. मग हळूच विचारले, ‘‘तुझ्या त्या बाईंचा नवा वर्ग कधी सुरू होतोय?’’

‘‘पुढच्या शनिवारी.’’

‘‘वही आणू?’’

‘‘पहिल्या दिवशी नको.’’